डॉक्टरसाहेब, हा आकडा पुन्हा मोजाल का?

ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यात आपल्या समाजाची हजारो कष्टकरी कुटुंबे राहतात. कोणी रेल्वेत आहे, कोणी पालिकेच्या सफाई खात्यात, कोणी डोंबिवलीच्या एमआयडीसीत पाळीवर जातो. आपल्या कितीतरी भगिनी चार-चार घरची धुणीभांडी करून पुन्हा स्वतःच्या घरचा स्वयंपाक करतात. या माणसांना आजारी पडायला सवड नसते. डोके दुखले तर गोळी, चक्कर आली तर लिंबू-सरबत, आणि अगदीच नाइलाज झाला तर दवाखाना.

दवाखान्यात काय होते? तासभर बाकावर बसून नंबर लागतो. पट्टा घाईघाईने दंडाला गुंडाळला जातो. आकडा येतो १६० वर १००. आपण विचारतो, "डॉक्टर, जास्त आहे का?" उत्तर येते, "थोडं वाढलंय. टेन्शन घेऊ नका. वय झालं की होतंच." दोन रंगीत गोळ्यांची पुडी मिळते आणि आपण "बरं साहेब" म्हणून घरी येतो. तो आकडा कुठेही लिहिलेला नसतो. पुढच्या खेपेस पुन्हा तेच.

वाचक बंधू-भगिनींनो, हे "बरं साहेब" आपल्याला फार महाग पडते. आज आम्ही त्याविषयीच लिहिणार आहोत.

न दुखणारा आजार

रक्तदाबाचा मोठा दोष असा की तो दुखत नाही. दाढ दुखली तर माणूस रात्र काढू शकत नाही, पण वाढलेला रक्तदाब दहा वर्षे गुपचूप अंगात राहतो. तेवढ्या काळात तो हृदयाला जादा ओझे ओढायला लावतो, मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या खराब करतो, डोळ्यांचा पडदा बिघडवतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या कमजोर करतो. मग एके दिवशी घरचा कमावता माणूस अर्धांगाने अंथरुणाला खिळतो, किंवा आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसला जाण्याची पाळी येते. एका माणसाच्या आजाराने मुलीचे कॉलेज सुटते आणि घर कर्जात बुडते.

हा आजार श्रीमंतांचा आहे ही समजूतही चुकीची आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ वर्षांवरील स्त्रियांत २१.३ टक्के आणि पुरुषांत २४ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला किंवा त्यासाठी औषध चालू असलेले आढळले. म्हणजे पाच प्रौढ माणसांचे घर धरले तर त्यात एकाला हा आजार असण्याचा संभव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की जगात रक्तदाब असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांना तो आहे हे ठाऊकच नसते, आणि पाचांतल्या साधारण एकाचाच रक्तदाब आटोक्यात असतो.

राष्ट्राध्यक्षाच्या आकड्याकडेही दुर्लक्ष झाले

गरिबाच्या आकड्याकडे दुर्लक्ष होते हे आपण रोज पाहतो. पण जगातील सर्वांत बलाढ्य माणसाच्या बाबतीतही हेच घडले होते.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९४१ साली १८८ वर १०५ होता. त्यांचे खासगी डॉक्टर रॉस मॅकिन्टायर हे नाक-कान-घशाचे तज्ज्ञ. राष्ट्राध्यक्षांची प्रकृती वयाच्या मानाने उत्तम आहे असेच ते लोकांना सांगत राहिले. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन नावाच्या तरुण हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासले तेव्हा आकडा होता १८६ वर १०८. हृदय मोठे झालेले आणि थकलेले होते. १२ एप्रिल १९४५ रोजी आपले चित्र काढून घेण्यासाठी बसलेले असताना रूझवेल्ट यांचे डोके भयंकर दुखू लागले. मेंदूत रक्तस्राव होऊन ते त्याच दिवशी गेले. वय अवघे ६३. त्या वेळी त्यांचा वरचा आकडा ३०० च्या वर गेला होता.

ते डॉक्टर अडाणी नव्हते. त्या काळी वैद्यकाची समजूतच अशी होती की वयाप्रमाणे रक्तवाहिन्या कडक होतात, त्यांतून रक्त ढकलण्यासाठी दाब वाढतो, म्हणून तो वाढू द्यावा. "वय अधिक शंभर" हा हिशेब त्याच समजुतीतून आला. साठ वर्षांच्या माणसाला १६० चालतो असे आजही कोणी म्हणतो तेव्हा तो जुनाच हिशेब बोलत असतो.

ती समजूत पुढे मोडीत निघाली. १९४८ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी सुरू झाली. रक्तदाब जितका जास्त तितका हृदयविकार आणि अर्धांगाचा धोका जास्त, हे तिथे दिसून आले. १९९१ साली साठीपुढील लोकांवरील एका मोठ्या प्रयोगात वरचा आकडा औषधाने खाली आणल्यावर अर्धांगाचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. २००८ साली तर ऐंशी वर्षांपुढील वृद्धांनाही औषधाचा फायदा होतो हे सिद्ध झाले. तेव्हा "वय झालं की होतंच" हे अर्धेच खरे आहे. वयाबरोबर दाब वाढतो, पण तो तसाच सोडून द्यायचा नसतो.

आकडा खरा की खोटा?

इथे डॉक्टरांची बाजूही पाहिली पाहिजे. एकदाच मोजलेल्या आकड्यावर जन्मभराची गोळी सुरू करू नये, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पांढरा कोट पाहूनच काहींचा दाब वाढतो. जिना चढून आलेल्याचा, लघवी तुंबलेल्याचा, नुकताच चहा घेतलेल्याचा किंवा तंबाखू-मिश्री लावलेल्याचा आकडाही जास्त येतो. उलट काहींचा दाब दवाखान्यात चांगला आणि घरी-कामावर वाढलेला असतो. म्हणून आकडा पुन्हा आणि नीट मोजायचा असतो. आमची तक्रार एवढीच की "पुन्हा मोजू" म्हटले जाते आणि पुन्हा कोणी मोजत नाही.

नीट मोजणे म्हणजे काय, हे प्रत्येक घराला माहीत हवे:

१) मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, विडी नको. लघवी करून यावे.
२) पाच मिनिटे खुर्चीवर शांत बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही.
३) हात टेबलावर टेकवून छातीच्या पातळीत ठेवावा. हात लोंबता असेल तर आकडा फुगतो.
४) पट्टा उघड्या दंडावर बांधावा, ब्लाउज-शर्टाच्या बाहीवर नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागावा. लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढतो.
५) मोजताना बोलू नये. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजावे.
६) पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजून घ्यावे आणि पुढे ज्या हाताचा आकडा जास्त आला तोच हात धरावा.

दवाखान्यात निरनिराळ्या दिवशी मोजून वरचा आकडा १४० किंवा त्यापुढे, अथवा खालचा ९० किंवा त्यापुढे येत असेल तर तो उच्च रक्तदाब समजतात. घरी मोजताना ही मर्यादा १३५ वर ८५ आहे. दोन्हींपैकी एक जरी आकडा जास्त असला तरी तो मोजायचाच.

वहीने केलेले काम

आमच्या आत्याबाई कल्याण पूर्वेला राहतात. वय अठ्ठावन्न. जन्मभर कष्ट केलेल्या. दोन ठिकाणी दाखवले. आकडा दोन्ही वेळा १६० च्या पुढे. एकाने टेन्शन म्हटले, दुसऱ्याने पाळी गेल्यावर असे होतेच म्हणून सांगितले. आत्याबाई म्हणाल्या, "एवढे शिकलेले डॉक्टर सांगतात, मी कोण विचारणार?"

मग त्यांच्या नातीने शेजारच्यांकडून दंडाचे मशीन आणले आणि शाळेची एक दोनशे पानी वही घेतली. सात दिवस सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा मोजले. तारीख, वेळ, दोन्ही आकडे लिहिले. पहिला दिवस सोडून बाकी सहा दिवसांची सरासरी काढली. ती आली १५८ वर ९६. आत्याबाई वही घेऊन पुन्हा दवाखान्यात गेल्या. फार बोलल्या नाहीत. वही टेबलावर उघडून ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, हे घरी शांतपणे बसून मोजलेलं आहे. घरी मला कसलं टेन्शन होतं?" डॉक्टरांनी पान उलटून पाहिले, लघवी-रक्त तपासायला लावले, कार्डिओग्राम काढला आणि औषध सुरू केले. आज त्यांचा दाब आटोक्यात आहे. वही अजून चालू आहे.

यात भांडण नव्हते, आवाज चढवणे नव्हते. लिहिलेला पुरावा होता. तोंडी सांगितलेले गर्दीत विरून जाते, पण कागदावरच्या आकड्याकडे सहज डोळेझाक करता येत नाही.

दंडाचे साधे मशीन दीड ते अडीच हजारांच्या आसपास मिळते. मनगटावरचे घेऊ नये, त्याचा भरवसा कमी. विकत घेतल्यावर एकदा दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मशीनशी ताडून पाहावे. एका कुटुंबाला परवडत नसेल तर चाळीतली दहा घरे मिळून एक घेऊ शकतात. आपल्या विहारात, महिला मंडळात एक मशीन, एक वही आणि मोजायला शिकलेली दोन मुले-मुली असतील तर रविवारच्या वंदनेनंतर साऱ्या वस्तीची तपासणी होऊ शकेल.

काय बोलायचे, कसे बोलायचे

आपल्यातील पुष्कळांना डॉक्टरांपुढे बोलता येत नाही. साहेबापुढे मान खाली घालून उभे राहण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यात चिठ्ठी इंग्रजीत, रांग लांब, आणि मागचा माणूस ढकलतो आहे. म्हणून वाक्ये घरूनच ठरवून जावीत. शक्य तर शिकलेला मुलगा, सून, शेजारी बरोबर न्यावा. आम्ही काही वाक्ये सुचवतो:

"डॉक्टरसाहेब, मी जिना चढून आलो. पाच मिनिटं बसतो, कृपा करून पुन्हा मोजाल का?"

"आजचा आकडा माझ्या केसपेपरवर लिहून द्या."

"टेन्शनमुळे असेल असं आपण म्हणता. ते टेन्शनमुळेच आहे हे कसं तपासायचं?"

"औषध आत्ता नको असं आपलं मत असेल तर पुन्हा कधी मोजायचं ती तारीख लिहून द्या. किती आकडा आला की औषध सुरू करायचं?"

"लघवी, साखर, क्रिएटिनिन आणि कार्डिओग्राम करायला हवा का?"

"मी गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी रोज घेते. तिच्यामुळे दाब वाढतो का?"

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या, सर्दीची काही औषधे, स्टेरॉइड आणि काहीजणींना गर्भनिरोधक गोळ्या यांनी दाब वाढू शकतो. ओझे उचलणारी आपली माणसे अंगदुखीच्या गोळ्या चण्यासारख्या खातात आणि हे डॉक्टरांना सांगतच नाहीत. सारी पाकिटे पिशवीत घालून बरोबर न्यावीत.

वय तिशीच्या आत असून दाब फार वाढलेला असेल, किंवा तीन औषधे घेऊनही उतरत नसेल, तर मूत्रपिंड किंवा ग्रंथींचा आजार मुळाशी असू शकतो. अशा वेळी "तरुण आहेस, काही होत नाही" हे उत्तर पुरेसे नाही. मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागावी.

भगिनींसाठी विशेष

बाईचे दुखणे "मनाचे" म्हणून सोडून देण्याची रीत घरातही आहे आणि दवाखान्यातही. पण गरोदरपणात पाच महिन्यांनंतर दाब १४० वर ९० किंवा जास्त आला, त्याबरोबर डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, बरगडीखाली दुखणे, चेहऱ्या-हातांवर एकाएकी सूज येणे असे काही असेल तर एक रात्रही थांबू नये. १६० वर ११० असेल तर काहीही त्रास नसला तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही हा धोका राहतो. सासूबाईंनी "आमच्या वेळी पाय सुजायचेच" असे म्हणून सुनेला घरी बसवू नये.

ऐकलेच नाही तर?

दोनदा सांगूनही ऐकले नाही तर दुसरे डॉक्टर गाठावेत. दुसरे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही, तो आपला हक्क आहे. ठाण्यात जिल्हा सामान्य रुग्णालय म्हणजे आपले सिव्हिल, कळव्यात पालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणात रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर, उल्हासनगरात मध्यवर्ती रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत केलेले आहेत. ज्यांच्या पगारातून ईएसआयची कपात होते त्यांनी ते कार्ड वापरावे. ती आपल्याच घामाची रक्कम आहे. जनऔषधी केंद्रात रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या स्वस्तात मिळतात.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत त्याची कागदपत्रे द्यावी लागतात. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. २०२१ पासून महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावली पाहिजे असा नियम आहे. पुढच्या वेळी बाकावर बसाल तेव्हा भिंतीवर ती आहे का, पाहा. नसेल तर विचारा.

आपल्याकडूनही काही

हक्क मागताना पथ्यही पाळले पाहिजे. औषध सुरू झाले की "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नये. आकडा चांगला आहे तो गोळीमुळे. शेजारणीची गोळी आपण घेऊ नये. आकडा वाढला म्हणून घरच्या घरी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. एकाएकी उतरलेला दाबही घातक असतो. दिवसाचे मीठ माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमचाभराहून कमी. सुकट, खारे बोंबील, लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ त्यातच धरायचे. दारू आणि तंबाखू सुटली तर निम्मी लढाई जिंकली.

आणि हे मात्र पाठ असू द्या: तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, छातीत कळ, धाप, एकाएकी दिसेनासे होणे किंवा असह्य डोकेदुखी. यांतले काहीही झाले तर आकडा मोजत बसू नका, उद्याची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्रास काही नसला तरी आकडा १८० वर १२० असेल तर शांत बसून पुन्हा मोजा, आणि तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बंधू-भगिनींनो, डॉक्टर आपले शत्रू नाहीत. शंभर-शंभर रुग्णांच्या गर्दीत तेही थकतात. पण गर्दीत हरवणारा आकडा आपल्या घरच्या माणसाचा असतो, आणि त्याची आठवण करून देणे हे आपलेच काम आहे. या आठवड्यात घरातील तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब मोजून घ्या. एक वही करा. पहिल्या पानावर आईचे नाव लिहा, कारण घरात सर्वांत शेवटी दवाखान्यात जाणारी तीच असते.